सासऱ्यांच्या भिंतीवरची जागा

मैंदर्गीला माझ्या सासऱ्यांच्या सोप्यात साडूंचा इंग्रजी लेख फ्रेम करून लावलाय. साडू माळशिरसला प्राध्यापक. लेखाचा मथळा तीन ओळींचा आहे आणि तो कुणालाच कळत नाही, म्हणून सगळे त्याला मान देतात. मी जनावरांचा डॉक्टर. शेणात हात घालणाऱ्या या जावयाचीही फ्रेम शेजारी लागावी, एवढीच माझी इच्छा होती. खोटं कशाला बोलू, जरा वरच लागावी.

विषय हाताशीच होता. लग्नात मांडवामागे टाकलेला भात शेळ्या पोटभर खातात आणि फुगून मरतात. लेख दोन संध्याकाळी लिहून झाला, मथळ्याला मात्र महिना गेला. 'गोट' मला फारच गावठी वाटलं, म्हणून 'स्मॉल रुमिनंट्स' केलं. 'राइस'चं 'सीरियल' केलं, 'डेथ'चं 'मॉर्टॅलिटी'. पुढं 'अ क्रिटिकल अप्रेझल' जोडलं, कारण साडूंनी जोडलं होतं. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये येरझारा घालत मी ते मोठ्यानं म्हणून बघायचो.

"अहो, यात शेळी कुठंय?" बायकोनं विचारलं.

"आत आहे."

"मग तिला जरा श्वास तरी घेऊ द्या की."

लेख जनावरांच्या डॉक्टरांच्या एका इंग्रजी मासिकाला पाठवला. संपादकांनी तो जसाच्या तसा छापला, मथळा तेवढा उडवला. नवा मथळा: 'वेडिंग राइस किल्स गोट्स'. बस्स, चार शब्द! माझी महिन्याची मेहनत पाण्यात. मी अंक कपाटात दडवला. बायकोनं त्याचा फोटो काढून माहेरी पाठवून दिला.

पुढं धाकट्या मेव्हण्याच्या लग्नाला मैंदर्गीला गेलो. चपला काढायच्या आत भिंत पाहिली. साडूंची फ्रेम एकटीच होती.

"जावईबापू, तुमचं तिकडं मागं लावलंय की," सासरे म्हणाले.

मांडवामागे, खरकट्याच्या पिंपावर, बांबूला माझ्या लेखाचा तो चार शब्दांचा मथळा फ्लेक्सवर झळकत होता. खाली मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिलं होतं, शेळ्या बांधून ठेवा.

"लई कामाचं लिवलंय बगा," सासरे म्हणाले. "ते सोप्यातलं आमाला अजून कळलं न्हाय."

म्हणजे साडू सोप्यात आणि मी खरकट्यावर! मी हसलो, पण लागलं. सासऱ्यांचं कौतुक खरं होतं, तरी माझा जीव त्या भिंतीतच अडकला होता.

जेवणं उरकली. साडू अर्धा भात उरलेलं ताट घेऊन पिंपाकडे निघाले, तसा मी खांबाआड थांबलो. त्यांनी वर पाहिलं. चार शब्द वाचायला प्राध्यापकाला कितीसा वेळ लागणार? त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि तिथंच उभ्यानं, मुकाट्यानं, सगळा भात खाऊन टाकला.