लेंटमध्ये मटण सोडलं, फ्लॅट नाही

तिसरा क्यूबही मशिनमध्ये तीस टनांवर फुटला. पंचेचाळीसपर्यंत टिकायला हवा होता.

क्यूब म्हणजे काँक्रीटचा ठोकळा. स्लॅब भरताना त्याच मालातून तो भरून ठेवायचा, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचा आणि मग मशिनखाली दाबून फोडायचा. ठोकळा लवकर फुटला तर स्लॅबही कच्चा.

नव्वदीच्या दशकातलं गुडगाव. मोहरीच्या शेतांत टॉवर उगवत होते आणि मी एका कन्सल्टंटकडे क्वालिटी इंजिनिअर होते. माझ्या सहीशिवाय बिल्डरला पुढचा मजला चढवता येत नसे. त्यामुळे आम्ही बाईसाहेब हेल्मेटखाली लिपस्टिक लावून फिरत असू.

बिल्डरचे मॅनेजर भाटिया स्वतः चहा घेऊन आले.

"मॅडम, ये क्यूब रहने दो. दूसरे टॉवर के बढ़िया हैं, वही लिख दो."

"ऐसे नहीं चलता, भाटियाजी."

"अच्छा, किराए के मकान में कब तक रहोगी? नौवीं मंज़िल का कॉर्नर है. तीन तरफ़ से हवा. आपके लिए आधे रेट में रोक रखा है."

मी चहा संपवला आणि सही केली. बिस्किटंही खाल्ली.

रविवारी आमची मराठी उपासना असे, दुसऱ्यांचं चर्च दुपारपुरतं मागून. तिथे साक्ष देतात, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगतात. मी नवी साडी नेसून उभी राहिले. "प्रभूने मला कॉर्नरचा फ्लॅट दिला," म्हणाले. भाटियाचं नाव तेवढं राहून गेलं.

बाहेर कमलमावशींनी गाठलं. मूळच्या नगरच्या, सरकारी इस्पितळातून नर्स म्हणून नुकत्याच रिटायर झालेल्या, एकट्या. एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, भाड्याने राहत.

"काय गं, इमारत बरी आहे ना? तू तिथलीच इंजिनिअर."

"बिल्कुल, मावशी. मी स्वतः घेतलाय की!"

"मग मीही बुक करते. शेजार तरी ओळखीचा मिळेल. रात्री-अपरात्री दुखलं-खुपलं तर तुलाच हाक मारीन."

त्यांना सहावा मजला मिळाला. मी सही केलेला स्लॅब म्हणजे त्यांचंच छत.

लेंट लागला. ईस्टरआधीचे हे चाळीस दिवस आम्ही उपवासाचे, आत्मपरीक्षणाचे मानतो. चर्चच्या पाळकांनी लोभावर संदेश दिला. मला वाटलं, हे भाटियाने ऐकायला हवं होतं.

पहिल्याच आठवड्यात सहाव्या मजल्यावर गेले. छताला केसाएवढी भेग होती. तिच्याखाली मावशींची खाट कुठे येईल, याचा हिशेब डोक्यात आपोआप झाला. घरी येऊन गुडघे टेकले. "प्रभो, मार्ग दाखव." मार्ग मला ठाऊक होता. ऑफिसात एका पानाचा अर्ज द्यायचा, की मी खोट्या आकड्यांवर सही केली आहे. पण "आमेन" म्हणून डोळे उघडले की पडद्यांचा रंग आठवायचा. मी मटण सोडलं, चहातली साखर सोडली. रोज रडून प्रार्थना केली आणि आपण किती आध्यात्मिक झालोय, याचं मला कौतुक वाटू लागलं.

उपवास संपले, भेग होती तिथेच होती. ईस्टरनंतरच्या सोमवारी अर्ज आणि फ्लॅट मिळाल्याचं पत्र बॉसच्या टेबलावर ठेवलं.

"पागल हो? नौकरी जाएगी," खन्नासाहेब म्हणाले.

"जाने दीजिए, सर."

फ्लॅटचं पत्र मी पुन्हा एकदा उचलून वाचलं. पावित्र्याने नव्हे. तीन बाजूंची हवा हातची जात होती म्हणून.

नोकरी गेली. स्लॅबला भोकं पाडून आतलं काँक्रीट तपासलं, ते कच्चंच निघालं. काम थांबलं. बिल्डर कोर्टात गेला आणि सगळ्यांचे पैसे तिथे अडकले. चर्चमध्ये पाळकांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. तेही मी मान खाली घालून, आवडीने ऐकलं.

मग मावशींच्या बरसातीत गेले. सगळं सांगितलं.

"तुला कधी कळलं होतं?"

"सही केली तेव्हाच, मावशी."

"मग इतके दिवस काय करत होतीस?"

"प्रार्थना. चाळीस दिवस."

मावशी म्हणाल्या, "बुकिंगचे गेले असते तर गेले असते. झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, ईस्टरला आठवडा उरला असताना, मी सगळा फंड भरून आले गं. देवाला चाळीस दिवस सांगत होतीस, मला एकदा सांगायचं होतंस."

पैसे मिळाले नाहीत. मावशी शेवटपर्यंत त्या बरसातीतच राहिल्या. पुढे जिना झेपेना, तेव्हा उपासनेला येणंही बंद झालं. मी दर शनिवारी भाजी पोचवत असे. त्या दारातच पिशवी घेत, "बरी आहेस ना?" विचारत आणि दार लावून घेत.

माझा लोभ सुटला, हे खरं आहे. पण लोभ माणसाला हवी तेवढी प्रार्थना करू देतो, अर्ज तेवढा लिहू देत नाही. म्हणून आता कुणी विचारलं तर सांगते, आधी अर्ज लिहा. गुडघे नंतर टेकता येतात.