कमानीला बांधलेलं लुगडं

आमच्या मामंजींचा जीव दोनच गोष्टींत होता, दवाखाना आणि गाडी. खरं तर क्रम उलटा लावायला हवा. सून म्हणून मी मुलुंडच्या घरी आले, तेव्हा माझी धड विचारपूस व्हायच्या आधी मला गाडीचं दुखणं ऐकवण्यात आलं. मामंजी डॉक्टर. मिठागरावरच्या मजुरांना तपासायला ते गाडीने जात. हिवाळ्यात मिठाचा हंगाम सुरू झाला की बैलगाड्या त्या रस्त्यावर ओलं मीठ सांडत जायच्या, आणि भरतीला खाडीचं पाणी चढलं की सगळा खारट चिखल. गाडीचा भार ज्यांच्यावर झुलतो त्या खालच्या पोलादी कमानी गंजून जात. एकदा तर कमानीचा एक पाटा भर रस्त्यात तुटला होता.

म्हणून दिवाळी सरली की मामंजी कमानींना इंजिनातलं काळं तेल चोपडत, वर तेलात भिजवलेल्या चिंध्या गुंडाळत आणि मोडलेला हात बांधावा तशा सुतळीने करकचून बांधत. चिंध्या पुरवायचं काम सासूबाईंचं. त्या वर्षी मी दिवाळसणाला माहेरी, लालबागला होते. त्यांच्या ट्रंकेतून काय निघालं, ते मी पाहिलं नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी आई आली. माझे वडील गिरणीत. आईला या घरात पाऊल टाकताना नेहमीच धाकधूक वाटायची. निघताना मामंजी मोठ्या मनाने म्हणाले, "चला विहीणबाई, स्टेशनपर्यंत सोडतो." आणि फाटकापाशीच त्यांना मागच्या चाकामागे लोंबणारी चिंधी दिसली. त्यांनी ती ओढली, तशी हातभर बाहेर आली. तेल न लागलेला काठ लखलखीत होता. हिरव्यावर तांबडा.

माझ्या लग्नात आईने विहिणीला दिलेलं मानाचं लुगडं. ते घेताना तिने दुकानात अख्खी दुपार घालवली होती. एकेक घडी उलगडून, उजेडात धरून, शेवटी माझ्याकडे वळून विचारलं होतं, "तेंका आवडात मां?"

सासूबाई दारातच होत्या. त्यांचा चेहरा उतरला. "गडबडीत हाताला लागलं हो," एवढंच त्या म्हणाल्या.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आधी लाज वाटली ती लुगड्याची. इतकं जाडंभरडं का दिलंस, असं आईवरच मनात खेकसले. मग त्या विचाराची लाज वाटली, ती आजतागायत गेलेली नाही. सासूबाईंचा संताप आला तो त्यानंतर.

आई मात्र हसली. "असूंदे हो. कापड घट्ट आहे. टिकेल." आणि खाली बसून तिने तो काठ स्वतःच्या हाताने सुतळीखाली खोचला. तेलाचे हात कुठे पुसावेत तिला कळेना.

मी तिला पोचवायला गाडीतून गेले. वाटेत खड्डा आला की ती सीटवरून किंचित उठायची. खाली आपलं लुगडं आहे, त्यावर भार नको, असंच काहीतरी तिच्या मनात असावं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढच्या दिवाळीआधी ती गाठोडं घेऊन आली. आत धुऊन, वाळवून, सारख्या मापाच्या फाडलेल्या पट्ट्या. "गाडयेक घेवन इलंय," ती मला हळूच म्हणाली. "नव्या कापडात तेल मुरणा नाय. जुन्यात बरा मुरता. सांग तेंका." मी पट्ट्या उलगडल्या. निळं लुगडं. ती रोज घरात नेसायची ते.

"आये, आणि तू काय नेसतलंस?"

"आसा मगे दुसरा." तिने विषय बदलला.

सासूबाईंनी गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं आणि मान वर न करता आत गेल्या.

त्या हिवाळ्यात कमानींना गंज म्हणून लागला नाही. मामंजी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे, विहीणबाईंच्या कापडाचा गुण. मी माहेरी निघाले की दर खेपेला म्हणायचे, "बस गं, सोडतो स्टेशनला." मी चालत जायची.