साहेबांची किक आणि आमचं मैदान

"जोर पायात न्हाय." कुणीही बॉलला पाय लावला की सर हेच म्हणायचे. असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात.

येरमाळ्यात ते पोरींना फुटबॉल शिकवत. कंत्राटी क्रीडाशिक्षक. पोरीने किक मारली की मोबाईलवर तीच किक संथ करून तिला दाखवायचे. "टेकता पाय बॉलच्या शेजारी रोव, बाई. कंबर वळव, मग गुडघा आपोआप सुटतो. आसुडाची मूठ थोडीच हलती, फटका टोकाला बसतो." गाव हसायचं. पोरींचे बॉल मात्र हायवेपलीकडच्या हॉटेलात पडायचे आणि हॉटेलवाला शिव्या घालायचा.

हायवेलगतचं हे मैदान दुकानगाळ्यांसाठी जाणार होतं. आम्ही पत्रकं काढली, उपोषणाला बसलो. शेवटी आमदारसाहेब नमले. पोरींच्या स्पर्धेच्या उद्घाटनाला येतो आणि मैदान पोरींचंच राहील असं माइकवर जाहीर करतो, म्हणाले.

नारळ फुटला. बॉलला हळदकुंकू लागलं. रिवाजाप्रमाणे पहिली किक साहेबांची. बॉल दोन हात गेला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या, कारण टाळ्या वाजवायच्याच होत्या.

सर पुढे झाले. "साहेब, टेकता पाय लई मागं राहिला तुमचा. परत मारा."

मी त्यांची बाही ओढली. ती सोडवून घेऊन ते खाली वाकले आणि साहेबांचा डावा पाय स्वतःच्या हाताने बॉलशेजारी ठेवला. दुसऱ्या किकला बॉल जागेवर राहिला, बूट मंडपात गेला. पोरी खदखदल्या. साहेब बूट चढवून थेट गाडीत. माइक तसाच उभा.

"सर, एक किक वाईट राहिली असती तर काय आभाळ कोसळलं असतं?" मी विचारलं.

"अहो, तशानं गुडघा जातो माणसाचा," सर काळजीने म्हणाले.

पोरी हसल्या म्हणून गावाचं मैदान जातं, ही आपली लोकशाही. गाळे उभे राहिले. सरांचं कंत्राट पुढे वाढलं नाही.

सोलापूरकडे एका शाळेत त्यांना काम मिळालं. निघाले तेव्हा पोरी स्टँडवर आल्या होत्या. "सर, आता आमी कुठं खेळायचं?"

तेवढ्यात पलीकडे एक जण बंद पडलेल्या फटफटीला किकवर किक मारताना दिसला. सरांना सुटल्यासारखं झालं. "अहो पाव्हणं, थांबा जरा," म्हणत ते तिकडे गेले आणि त्याला उभं कसं राहायचं ते दाखवू लागले.

सोलापूरची एसटी लागली. माणसं चढली. कंडक्टरने घंटी मारली, सर अजून फटफटीपाशीच.

एकाही पोरीने सरांना हाक मारली नाही. मीही नाही.