पेटीतलं एक पाकीट

आमच्या मामंजींच्या हाताखालून अर्ध्या गावाचे चेहरे गेलेत. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा स्टुडिओ. रोल धुवायचा, निगेटिव्ह वाळवायची, बटरपेपरच्या पाकिटात घालून वर नाव लिहायचं आणि पत्र्याच्या पेटीत ठेवायचं. "प्रिंट हरवली तर हरवू दे, सूनबाई. निगेटिव्ह शाबूत तर माणूस शाबूत," असं ते म्हणायचे, आणि मीही ते देवाच्या शब्दासारखं मानत आले.

पुढे रोल मिळेनासे झाले, डिजिटल कॅमेरा घरात आला. मामंजींनी तोही शिकून घेतला, पण आपल्या पद्धतीने. प्रिंट दिली की कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड पाकिटात, पाकीट पेटीत. पुढच्या गिऱ्हाइकाला नवं कार्ड. आमच्या ह्यांनी किती डोकं फोडलं, "बाबा, फोटो कॉम्प्युटरमध्ये घ्या, कार्ड पुसा, परत वापरा."

"निगेटिव्ह पुसतात का रे कोणी? उद्या म्हणशील, बापाला पुसा न् परत वापरा!"

तेव्हा आम्ही हसायचो.

सोमवारी एक बाई लग्नातल्या फोटोची जादा प्रिंट मागायला आल्या. मामंजींनी त्यांचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. कोरं. फडक्याने धूळ झटकून पुन्हा लावलं, तरी कोरंच. कार्डं वर्षानुवर्षं नुसती पडून राहिली की आतलं उडून जाऊ शकतं, असं हे म्हणाले. मामंजी "असं कसं, असं कसं" करत बसले. मग त्यांची नजर पेटीकडे गेली.

त्या पेटीत सासूबाई होत्या.

जन्मभर त्यांनी फोटो काढू दिला नाही. "तुमची गिऱ्हाइकं संपली की माझा काढा," म्हणायच्या. एकदाच, गच्चीवर कपडे वाळत घालताना, मामंजींनी त्यांना हसताना पकडलं. मग त्या आजारी पडल्या, प्रिंट राहिली, कार्ड तसंच पाकिटात गेलं. त्या गेल्यावर ते पाकीट उघडायची मामंजींची छातीच झाली नाही. आहे ना पेटीत, एवढ्यावर जगत होते.

नंतरचे दिवस त्या पाकिटाला कोणी हात लावला नाही. मामंजींना घास उतरेना. कार्ड लावलं नाही तोवर त्या आहेत, लावलं आणि कोरं निघालं तर? देवापुढे बसले तरी माझ्या डोळ्यांसमोर पेटीच. सासूबाईंचा चेहरा आठवू गेले तर हनुवटी काही केल्या आठवेना. मी जास्तच घाबरले.

आज मामंजींनीच हाक मारली. "सूनबाई, दार लाव." उठून खोलीतला दिवाही घालवला. रोल अंधारातच उघडायची सवय.

"बाबा, ह्याला अंधार लागत नाही," हे हळूच म्हणाले.

"मला लागतो."

कार्ड लावलं. मी देवाचं नाव घट्ट धरून बसले. स्क्रीनवर वरून खाली फोटो उतरू लागला. आभाळ, दोरीवरची चादर, केस, कपाळ, मग डोळे. हसरे. आणि तिथंच थांबला. खाली नुसता राखाडी पट्टा.

मामंजींनी त्या पट्ट्यावर बोट टेकवलं. "तिची हनुवटी कशी होती गं?"

"आहे तेवढ्याची प्रिंट काढ," ते ह्यांना म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पेटी आण. लोकांचीही माणसं आहेत आत."

अंधारातच मी पहिलं पाकीट चाचपून उचललं. ते हलकं लागलं. आतलं कार्ड काढून मी ह्यांच्या हातात ठेवलं.