गुंडोअण्णा आणि तापलेली महाराणी

चामराजपेटेत गुंडोअण्णांचं गॅरेज म्हणजे काय, तर पत्र्याचं छप्पर, दोन गाड्या मावतील एवढी जागा अन् दारावर रंग उडालेला बोर्ड. पण श्रीमंताघरच्या जुन्या मोठ्या गाड्या दुखणं घेऊन तिथंच यायच्या. अण्णांची रीत अशी, की गाडी आली की आधी मालकाला गप्प करायचं. "स्वल्प थांबा, मला गाडीचं ऐकू द्या." मालक बिचारा काय झालं ते सांगायला तोंड उघडतोय, तोवर अण्णांचं डोकं बॉनेटखाली गेलेलं. चाळीस वर्षं हेच. अन् गाडी बरी होऊनच जायची, मग कोण काय बोलणार त्यांना?

त्यांचा मुलगा श्रीहर्ष राहायचा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला. त्याचं एकच टुमणं. "अप्पा, पुरे झालं आता. तुम्ही अन् अम्मा फ्लॅटवर या. लिफ्ट आहे, खाली बाग आहे."

"बागेत बसून काय करू? गवत दुरुस्त करू?"

एकदा असेच चिडून बोलून गेले, "ज्या दिवशी एक गाडी दुरुस्त न होता माझ्या दारातून परत जाईल ना, त्या दिवशी बोर्ड उतरवतो. सरी? कबूल?" पोरानं तो शब्द धरूनच ठेवला. दर रविवारी फोन करायचा, "काय अप्पा, गेली का कुठली परत?"

अन् मग आली महाराणी. राजाजीनगरच्या कृष्णाबाईंची गाडी हो. लांबलचक, पांढरी, परदेशातून आणलेली, आत चामड्याच्या खुर्च्या. यजमान गेले, गाडी राहिली. शहात्तराव्या वर्षी बाई बुडाखाली दोन उशा घेऊन स्वतः चालवायच्या अन् दर गुरुवारी राघवेंद्रस्वामींच्या मठात जायच्या. त्या सोमवारी उतरल्या त्या पदरानं वारा घेतच.

"गुंडो, हा एसी आहे की चूल? अरे, मठात पोचेपर्यंत माझा पापड भाजून निघतो! झालं काय, तर..."

"अक्का, स्वल्प थांबा. मला गाडीचं ऐकू द्या."

"ऐक बाबा, ऐक. पण गुरुवारी सकाळी मला गाडी पाहिजे."

अण्णांनी एसी लावला. बॉनेटखालच्या नळीला हात लावला तर बर्फ! गॅस भरलेला, पंखा फिरतोय. आत येऊन बसले तर तोंडावर भस्सकन गरम वारा. म्हणजे एसीचा काही दोष नव्हता. इंजिनाचं कढत पाणी डॅशबोर्डामागं फिरतं, हिवाळ्यात ऊब द्यायला. थंड वारा सोडायचा की गरम, ते तिथली एक झडप ठरवते. ती झडप गरमाकडेच उघडी राहिली होती.

"झडपेची मोटर गेली," अण्णा खुशीत म्हणाले. मोटर शोधून आणली, मंगळवारी बसवली. मोटर टक टक टक करून थांबली. वारा गरमच. बुधवारी मोटर काढून झडपेचा दांडा हातानंच फिरवून पाहिला. अर्ध्यात आला अन् अडला. पुन्हा फिरवला, पुन्हा तिथंच. झालं, अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. झडप आतून मोडली असेल तर सगळा डॅशबोर्ड उतरवायचा, अन् ती झडप आता कुठं मिळत नाही. उद्या गुरुवार. दाराकडं बघितलं तर बोर्ड दिसला. त्यांना वाटलं, हा मेला आपल्याकडंच बघतोय.

तेवढ्यात त्यांची बायको विमला कॉफी घेऊन आली, अन् मागोमाग ऑटोतून कृष्णाबाई.

"झाली का रे थंड?"

अण्णा मान खाली घालून म्हणाले, "अक्का, ही माझ्यानं..."

विमलाला काय कळलं कोण जाणे, मधेच बोलली, "अक्का, ही तापायला लागली कधीपासून?"

"आयुधपूजेपासून! खंडेनवमीला गाडीची पूजा केली ना, तेव्हापासून. तेच तर सोमवारी सांगत होते, हा ऐकतोय का?"

विमलानं गाडीत डोकावलं. समोरच्या काचेखाली, झडपेच्या बरोबर वर, वाऱ्याच्या जाळीची एक पट्टी तुटलेली, अन् फटीत हळदीच्या अक्षता अडकलेल्या. "अक्का, पूजा इथंच मांडली होती?"

"इथंच की. विड्याचं पान ठेवलं, त्यावर सुपारीचा गणपती. मग चाकाखालची लिंबं चिरडायला गाडी जरा पुढं घेतली, बसला झटका. बघते तर गणपती गायब! खारीनं नेला म्हणून खारीला किती शिव्या घातल्या मी."

अण्णांनी विमलाकडं बघितलं, विमलानं अण्णांकडं. मग अण्णा जे आडवे झाले ते मोटरच्या भोकात हात घालायलाच. पण त्यांची बोटं म्हणजे केळी, कुठली जातायत?

"सरका. चाळीस वर्षं गाडीचं ऐकताय, आज बायकोचं ऐका." विमलानं बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, हात आत घातला, चाचपलं, ओठ चावले. "अगंबाई! लागला!"

अन् बाहेर काय आलं? कुंकवानं लाल झालेली टणक सुपारी.

कृष्णाबाईंनी तिथंच हात जोडले. "माझा गणपती! अरे, दसऱ्यापासून विसर्जनाच्या अक्षता पडल्या नाहीत त्याच्यावर. जाईल कुठं बिचारा? बसला त्या उकाड्यात!"

"अन् आपल्यालाही बसवलं," विमला म्हणाली.

अण्णांनी दांडा फिरवला, सरकन शेवटापर्यंत गेला. मोटर बसवली, एसी लावला. कृष्णाबाई आत बसल्या, अन् दोन मिनिटांत काच खाली करून ओरडल्या, "गुंडो, कमी कर रे! शाल नाही आणली मी!"

तेव्हापासून अण्णांनी रीत बदलली. गाडी आली की आधी मालकाला स्टुलावर बसवतात, कॉफी देतात अन् विचारतात, "पूजा कधी केली? कुठं काय ठेवलं?" मग बॉनेट.

रविवारी श्रीहर्षचा फोन आलाच. "काय अप्पा, बोर्ड कधी उतरवताय?"

"उद्याच," अण्णा म्हणाले.

पोरगं खूश. "खरंच? गाडी घेऊन येऊ न्यायला?"

"गाडी नको, ब्रश घेऊन ये. रंग उडालाय, नवा द्यायचाय. अन् खाली तुझ्या अम्माचं नाव घालायचंय."