मंजुळाचं रंगीत अळू

गोव्यातल्या पाळी गावच्या कमलबायचं शिवणयंत्र जनेलापाशी होतं, आणि ते जनेल कायम बंद. उघडलं की खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ शिवायला आलेल्या पांढऱ्या पोलक्यांवर बसायची. त्या बंद काचेआड, शह्याऐंशीच्या डिसेंबरात, एक कुंडी आली. हिरव्या कडांची आणि मधोमध कुंकू सांडल्यासारखी तांबडी पानं. कुंडी मंजुळाची.

मंजुळा गडहिंग्लजची. नवरा काशिनाथ खाणीवर फिटर. दोघं कमलबायच्या मागच्या खोल्यांत भाड्यानं राहत. दोनदा पोट रिकामं झाल्यावर तिसऱ्यांदा दिवस गेले होते. सातवा लागला तशी ती माहेरी निघाली. भाषेच्या आंदोलनात बसगाड्या बंद होत्या. त्या सुरू झाल्या त्याच सकाळी.

"मावशी, एवढं जपा. दिवस राहिले त्याच आठवड्यात लावलंय. हे आणि पोटातलं बरोबरच वाढलंय."

"जपीन गो. मला दुसरं कोण आहे जपायला?"

कमलबायचं लग्नाचं वय वडिलांच्या दुखण्यात निघून गेलं होतं. आता रोज सकाळी यंत्राला तेल घालायच्या आधी ती ओल्या फडक्यानं एकेक पान पुसू लागली. पानं उजेडाकडे कलली की कुंडी फिरवून ठेवी.

जानेवारीत पानांनी माना टाकल्या. तिनं पाणी वाढवलं, कमी केलं, जागा बदलली. शेवटचं पानही गळलं. माती उकरली तर खाली कंद होता, अजून घट्ट. आई हळदीचं आणि सुरणाचं बियाणं मिरगापर्यंत राखेत ठेवायची, ते आठवलं. तिनं कंद राखेच्या मडक्यात पुरून मडकं रांधपात चुलीजवळच्या फळीवर ठेवलं. पण शोभेच्या झाडाला ही रीत लागू पडते की नाही, हे तिला कुठं ठाऊक?

फेब्रुवारीत पत्र आलं. 'मुलगी झाली, महिनाभर आधीच. काचेच्या पेटीत ठेवलीय. आपलं झाड कसं आहे?'

चार दिवस कमलबाय कोरं पत्र घेऊन बसली. 'बरं आहे' लिहिणं खोटं, आणि 'गेलं' लिहिणं म्हणजे त्या काचेवर दगड मारणं. शेवटी लिहिलं, 'आमच्या आईच्या रीतीनं निजवलं आहे.'

पाडव्याला नार्वे गावाहून भावजय प्रभावतीवयनी आली आणि आल्या आल्या सणाच्या मिसळभाजीसाठी, खतखत्यासाठी, भाज्या चिरायला बसली. कमलबाय विहिरीवर होती, तोच आतून आरडाओरडा.

"गे कमलबाय, कसली मेली ही अळवाची माडी तुझी! हात बघ माझे, खाजून लाल झाले!"

"वयनी, ती खायची नव्हे गो!"

"मगे राखेत कित्याक ठेवलीस? राखेत काय कोण सोनं ठेवता?"

"सोनंच होतं ते," म्हणत कमलबाय तिथंच जमिनीवर बसली आणि सगळं सांगून टाकलं.

वयनी कोकमसोलांच्या पाण्यात हात बुडवून ऐकत होती. मग कोपरानंच तिनं विळीजवळची एक न सोललेली फोड पुढे ढकलली. तिच्यावर कोंबाचा बारीकसा डोळा होता. "रडतेस कसली? कापल्या जागी राख चोळ, सुकू दे आणि परत ठेव. सुरण नाही आपण असंच लावत?"

मे महिन्याच्या मध्याला कमलबायनं ती फोड कुंडीत लावली आणि पुन्हा काचेआड ठेवली. तीस तारखेला गोवा राज्य झालं. नाक्यावर पेढे वाटले. पदरात पेढा घेऊन ती घरी आली, तर मातीतून सुईच्या अग्राएवढं तांबूस टोक वर आलेलं. पेढा तसाच ठेवून तिनं कार्डावर एकच शब्द लिहिला, 'उठलं.'

जूनच्या अखेरीस मंजुळा दारात उभी राहिली. शालीत मूठभर मुलगी. कुंडीत एकच पान, तेही जेमतेम उलगडलेलं. कमलबायनं काही न लपवता खतखत्याची सगळी हकिकत सांगितली. मंजुळा हसता हसता डोळे पुसू लागली.

"मावशी, डॉक्टर म्हणायचे, सांगता येत नाही. तुमचं पत्र उशाखाली होतं. पेटीकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, निजलीय, उठेल."

तिनं मुलगी पुढे केली. कमलबायनं हात मागे घेतले. एवढं लहान मूल तिनं कधी घेतलं नव्हतं.

"घ्या की! का अजून खाजतायत हात?"

"ते वयनीचे गो," कमलबाय म्हणाली. तरी आत जाऊन तिनं हात धुतले, लुगड्याला दोनदा पुसले आणि मग मुलीला घेतलं.