तांबड्या पेन्सिलीची रेघ

विनायकभावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. "बरं," म्हणाले आणि उरलेले कपडे वाळत घातले. त्याला दीड महिना झाला. तुम्हा नातवंडांचे परदेशातून निरोप आले, आजी, बर्फवाल्या आजोबांबद्दल लिही. माझे हे धाकटे दीर हिमालयातल्या बर्फाची जाडी न खोदता सांगायचे, म्हणून तुम्ही ठेवलेलं ते नाव. लिहिते. पण गोड लिहिणार नाही.

पालीजवळच्या आमच्या शेतात सासूबाईंनी लावलेली मोसंबीची बाग होती. दुष्काळात विहीर आटली तेव्हा भावजी यंत्र घेऊन आले. जमिनीवर वायरचा मोठा चौकोन अंथरायचा, त्यात वीज सोडून झटकन बंद करायची. खाली ओल असली की यंत्राला तिचा जबाब मिळतो. लोखंडही तसाच जबाब देतं, हे मी त्यांच्याच पुस्तकात वाचलं होतं. "भावजी, इथून जुना लोखंडी नळ गेलाय," मी म्हटलं. मोटारी दुरुस्त करणारे शब्बीरभाई तिथंच होते. "सायेब, बाई खरं बोलायल्यात. नळ म्याच पुरलाय."

"मशीनपेक्षा तुला जास्त कळतं का बे?" भावजी हसले. मग माझ्याकडे वळून, "वहिनी, तुम्ही चहाचं बघा."

मी चहाचं पाहिलं...

यंत्रानं दाखवलेल्या जागीच बोअर मारली, तिच्यातून नुसता फुफाटा उडाला. बोअरची गाडी पुढच्या गावी गेली ती महिनाभर फिरकली नाही. बाग उभी वाळली. आणि भावजींनी घरभर सांगितलं, "मी दाखवलेली जागा वेगळीच होती. वहिनींनी ती हलवली." तुमच्या आजोबांनी भावाचंच खरं धरलं, शेवटपर्यंत. शब्बीरभाईंना कुणी विचारलंच नाही. त्यानंतर दर दिवाळीला भावजी यायचे, पडवीतली वेताची खुर्ची बागेकडे पाठ करून ठेवायचे आणि माझ्या चिवड्याचं कौतुक करत दोनदा वाढून घ्यायचे.

गेल्या आठवड्यात जाऊबाईंनी त्यांच्या वह्या पाठवल्या. एका पानावर आमचं शेत होतं. विहीर, कडुनिंब, वायरचा चौकोन आणि त्यातून गेलेली तांबड्या पेन्सिलीची रेघ. शेजारी नेटक्या अक्षरात, "नळ. वहिनींचं बरोबर होतं." तारीख, बोअर मारल्याच्या दुसऱ्या दिवसाची.

कागदाला सांगितलंत, भावजी. तुमच्या भावाला नाही.

ते पान मी सगळ्या नातेवाइकांना पाठवलं आहे. बागेतली वाळलेली खोडं मी आजवर काढू दिलेली नाहीत. काल वेताची खुर्ची उचलली आणि त्या खोडांकडे तोंड करून ठेवली. तिच्यावर कुणी बसायचं नाही.